रडायला समोर कुणी पाहिजे

मी आवाजाचं काम करते असं सांगितलं की आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांना वाटतं, मी गाते. मी गात नाही. माणसांचे, जागांचे, कामांचे आवाज मशीनमध्ये भरून घेते, त्यांची जुळणी करते आणि लोकांसमोर उभी राहून ते ऐकवते. मधे स्वतः बोलते, कधी नुसती बसून राहते. त्याला प्रयोग म्हणतात. हे मी पुण्यात शिकले, तिथंच काही वर्षं एका स्टुडिओत नोकरी केली, आणि अब्बांना जिना चढताना दम लागायला लागला तेव्हा बीडला परत आले. अम्मी आधीच गेली होती.

अब्बांचं माईकचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी गावोगावी भोंगे बांधले. सप्ता, उरूस, लग्न, निवडणूक, सगळीकडे तेच. आवाज मोठा करणं हे त्यांचं काम आणि साठवणं हे माझं. "तेरा आवाज बक्से में बंद, मेरा खुले मैदान में," असं ते मला चिडवायचे.

तीनेक वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका लहानशा नाट्यगृहातून फोन आला. स्थलांतर आणि माणूस गमावणं या विषयावर वीस मिनिटांचा प्रयोग हवा होता. "तुम्ही बीडच्या, म्हणजे ऊसतोडीचं काहीतरी असेलच तुमच्याकडे," फोनवरच्या बाई म्हणाल्या. "एखाद्या बाईचं रडणं मिळालं तर फार परिणामकारक होईल."

माझ्याकडे काहीच नव्हतं. दिवाळी झाली की बायकापोरं, भांडीकुंडी, कोंबड्यांसकट भरलेले ट्रॅक्टर आमच्या रस्त्यानं जाताना मी बघितले होते, तेवढंच. मी अब्बांना विचारलं.

ते बाजेवर उशीला टेकून बसले होते. म्हणाले, "धारूर के उधर एक औरत है. मय्यत में रोती थी तो पूरा गाँव उसके पीछू रोता था. मैं एक बार सप्ते के भोंगे उतार रहा था, तब सुना. मेरे भोंगों को शरम आई, बेटा." मग म्हणाले, "उसकी खुद की बेटी फड में गुजर गई. तब से वो रोई नहीं, बोलते."

आमच्या भागात कुणी गेलं की बायका नुसत्या रडत नाहीत. गेलेल्या माणसाशी बोलत, हेल काढून रडतात. त्याचे कष्ट, त्याच्या आवडीनिवडी, राहून गेलेलं बोलणं, सगळं त्यात येतं. काही बायकांना ते असं जमतं की ज्यांना रडू येत नसतं त्यांचीही वाट मोकळी होते. अब्बा सांगत होते ती त्यातली.

मी डिसेंबरात त्या गावी गेले. धारूरचा घाट ओलांडून एसटी उतरवते तिथून दोन किलोमीटर चालत. गावात निम्म्याहून जास्त घरांना कुलपं होती. ओट्यावर म्हातारी माणसं ऊन खात बसली होती, आणि शाळेच्या पटांगणात पोरं होती. शाळेतल्या गुरुजींनी मला तिचं घर दाखवलं.

ती दारात बसून तूर निवडत होती. साठीची असेल. उंच, हाडं मोठी, डोक्यावरून पदर. शेजारी सहा वर्षांची नात पाटीवर काहीतरी गिरवत होती. मी बसले, माझं नाव-गाव सांगितलं, अब्बांचं सांगितलं.

"माईकवाले मुलानी? न्हाई ओळखत बाई," ती म्हणाली. "पर भोंगे आठवतेत."

मी मशीन बाहेर काढलं आणि कशासाठी आले ते सांगून टाकलं. आज आठवलं तरी मला माझी लाज वाटते. पहिल्या भेटीत, तूर निवडणाऱ्या बाईला मी रडून दाखवा म्हणाले होते.

ती रागावली नाही. सुपातले खडे वेचत वेचत तिनं मला विचारलं, "कुनापुढं रडू?"

मला कळलं नाही.

"आगं, रडायला समोर कुनी पायजे का न्हाई? मढं समोर असतं, त्याचं तोंड दिसतं, तवा शब्द येतेत. रडनं माझं नसतं बाई, त्या मानसाचं असतं. तुझ्या ह्या डबीकडं बघून मी काय बोलू?"

मी मशीन पिशवीत घातलं. मग तिनंच चहा टाकला, आणि चहा पिता पिता मला सगळं सांगितलं.

लेक आणि जावई दरवर्षी ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायचे. नात लहान, म्हणून ती आजीकडे राहायची. दोन वर्षांपूर्वी, तिकडं लांब कर्नाटकाच्या हद्दीवर, पहाटे फडात ऊस तोडताना लेकीला पान लागलं. आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. दवाखान्यात पोचेपर्यंत खेळ संपला. ट्रॅक्टरनं इथवर आणायला दीड दिवस लागला असता, म्हणून टोळीनं तिथंच अग्नी दिला. आईला फोनवर कळलं. चौथ्या दिवशी जावई आला तो मडक्यात अस्थी घेऊन, तोंडाला फडकं बांधलेलं मडकं.

"बाया जमल्या व्हत्या," ती म्हणाली. "समद्या माझ्या तोंडाकडं बघायल्या. आता ही रडंल, मग आपन रडू. मी मडक्याकडं बघितलं. त्याला ना डोळे ना तोंड. मला एक शबुद सुचंना. लोक म्हनले, दुसऱ्याच्या मयतीला रडती आन् सवताच्या लेकीला न्हाई. काळीज दगडाचं हाय." तिनं सूप झटकलं. "असंल बी."

त्यानंतर तिनं कुणाच्याच मयतीला रडणं सोडलं होतं.

मी प्रयोगाचं डोक्यातून काढून टाकलं नाही, हे खरं. पण तिला पुन्हा रडायला सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी गेले, मग महिन्यानं. रिकाम्या गावाचे आवाज भरले. हापशाचे, शेळ्यांचे, एकट्या म्हाताऱ्याच्या खोकल्याचे. नातीला हेडफोन फार आवडायचे. ती मशीन गळ्यात अडकवून, ते कानाला लावून गावभर हिंडायची आणि लांबच्या कुत्र्याचं भुंकणं जवळ ऐकू आलं की दचकून हसायची.

एकदा तिनं मला विचारलं, "ह्याच्यात माझ्या आईचा आवाज हाय का?"

मी आजीकडे बघितलं. आजी म्हणाली, "फोटू हाय एक, आधार कार्डावरचा. आवाज कुठला?" लेकीकडे साधा बटणांचा फोन होता, त्यात काही भरलेलं नव्हतं. लग्नाची शूटिंग नव्हती.

"कशी बोलायची आई?" नातीनं विचारलं.

आजी म्हणाली, "चांगली बोलायची." आणि उठून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, पण त्या वेळी घासायला भांडी नव्हती हे मला माहीत होतं.

घाट उतरताना एसटीत माझ्या डोक्यात ते घोळत राहिलं. आवाज कुठंच भरलेला नव्हता, पण तो ऐकलेली माणसं होती. सहा सहा महिने एकाच तळावर, एकमेकांना लागून बांधलेल्या पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या, कोप्यांमध्ये राहिलेली माणसं. कोपीची भिंत म्हणजे पाचट, पलीकडचं सगळं ऐकू येतं. त्या टोळीच्या कानात ती असणारच.

अब्बांना सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, "पूछने को जा. लेकिन आवाज के पीछू नको भाग. आने दे उसको."

चैत्रात टोळी परत आली. मी आठवडा जाऊ दिला, मग गुरुजींमार्फत निरोप धाडला. रविवारी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात या, आपल्यातल्या गेलेल्या बाईची आठवण करायची आहे, तिच्या लेकीसाठी. मला वाटलं चार-दोन माणसं येतील. तीस-बत्तीस आली. सतरंजीवर बसली. आजी मागे, भिंतीला टेकून. नात माझ्याजवळ.

मी म्हणाले, "तिच्याबद्दल चांगलं बोला असं मी म्हणत नाही. ती कशी बोलायची, कशी हाक मारायची, ते करून दाखवा. तिचा आवाज काढा."

सगळे एकमेकांकडे बघून लाजले. बाया पदरात हसल्या. एक गडी दुसऱ्याला म्हणाला, "तू काढ बे, तूच लई नकला करतो."

शेवटी टोळीचा मुकादम उठला. पांढऱ्या मिशांचा, जाड माणूस. म्हणाला, "मी पहाटं पत्रा वाजवून उठवायचो. समद्यात आधी हिचाच आवाज यायचा." आणि त्यानं एकदम बारीक, चिडका आवाज काढला. "उठलाव ओ, उठलाव! पत्रा फोडता का आता?"

पटांगण हसलं. तो मुकादम त्या बारीक आवाजात इतका विनोदी दिसत होता की नात माझ्या मांडीवर कोसळून हसली. आणि मग बांध फुटला.

शेजारच्या कोपीतली बाई म्हणाली, ती मोळ्या मोजताना एक कधी म्हणायची नाही, धान्य मोजतात तसं लाभ म्हणायची. "लाऽभ, दोन, तीन." तिनं तो लाभ असा लांबवला की तिघी-चौघी एकदम म्हणाल्या, अगदी अगदी. एकीनं तिची शिंक काढली, लागोपाठ पाच, आणि पाचवीनंतरचं "आगं आये". बैलाला ती कसं हाकायची यावरून दोन भावांचं जुंपलं. एक म्हणाला हिर्रर्र करायची, दुसरा म्हणाला, न्हाई, ते तुझी बायको करायची, ही नुसती जिभेनं टकटक करायची. तिचं हसणं तिघांनी तीन तऱ्हेनं काढलं.

"ह्यात दम न्हाई," मागून आवाज आला. आजी होती. "हसताना तिला दम लागायचा. मधीच थांबायची आन् पुन्ना सुरू करायची. तुमी सलग हसायलात."

तिघांनी पुन्हा हसून दाखवलं. आजीनं मान हलवली. "आता थोडं आलं."

तिचा नवरा एका कडेला खाली मान घालून बसला होता. तो आता बहिणीबरोबर कोयत्याला जायचा, कारण तोडीला जोडी लागते. कुणीतरी त्याला म्हणालं, दाजी, तुम्ही बी सांगा. त्यानं नकार दिला. थोड्या वेळानं उठून गेला. मला वाटलं, दुखावला. पण तो घरी जाऊन कोयता घेऊन आला.

"ती मला हाक मारायची न्हाई," तो म्हणाला. "नाव घ्यायचं न्हाई ना. तर कोयता दगडावर दोनदा वाजवायची. म्हंजे च्या झाला, ये."

तो पायरीपाशी वाकला आणि कोयत्याची पाठ दगडावर वाजवली. टण्ण, टण्ण. हलक्या हातानं. कोयता तिथंच ठेवून तो पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला.

नातीनं मला हळूच विचारलं, "आन् मला काय म्हनायची?"

ते टोळीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. पोरगी तर कधी तळावर गेलीच नव्हती. सगळे मागे वळून आजीकडे बघायला लागले. मला भीती वाटली. पुन्हा तेच, सगळ्यांच्या नजरा आणि ती.

आजीनं घसा साफ केला. तिनं आवाज जरा वर नेला, जरा नाकात घेतला, आणि तिच्या त्या मोठ्या हाडांच्या देहातून एक तरुण बाई बोलली, "ए भोपळे! कुठं गं तू? आगं माझ्या भोपळे!"

मुकादमानं डोळे पुसले. नातीनं मात्र गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "मी भोपळा व्हते?"

"लई," आजी म्हणाली. "उचलत न्हवतीस कुनाला."

आजी रडली नाही. बाकीचे थोडेफार रडले. मग मुकादमाच्या घरून चहा आला.

सगळं माझ्या मशीनमध्ये भरलं होतं, एक तास दहा मिनिटं. इतकं सुंदर काही मी आयुष्यात कधी भरलं नव्हतं. जाताना मी आजीला विचारलं, हे मी पुण्यात ऐकवू का?

"न्हाई," ती म्हणाली. एवढंच. मग माझा चेहरा बघून म्हणाली, "तू सांग तिथं, काय झालं ते. ऐकवू नको. हे पोरीचं हाय. ती मोठी झाल्यावर तिला वाटलं तर ऐकवंल."

मी त्याच आठवड्यात सगळं एका मेमरी कार्डात भरून त्यांना दिलं, एक साधा वाजवायचा डबाही दिला. पुण्याला गेले ते रिकाम्या गावाचे आवाज घेऊन. ते ऐकवले, मग काय झालं ते सांगितलं, आणि स्पीकर बंद करून प्रेक्षकांना म्हणाले, आता तुमच्यापैकी कुणाला आपल्या गेलेल्या माणसाचा आवाज काढायचा असेल तर काढा. खूप वेळ कुणी हललं नाही. मग तिसऱ्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ उठले, हाक मारण्याआधी बायको जशी खाकरायची तसे खाकरले आणि खाली बसले. त्यांच्यानंतर आणखी सात जण बोलले. प्रयोग संपल्यावर आयोजक बाई म्हणाल्या, "छान झालं, पण ते रडणं मिळालंच नाही का?" मी म्हणाले, नाही.

पावसाळा सरत आला असताना अब्बा गेले. पहाटे फजरच्या नमाजनंतर चहा मागितला, तो पिऊन परत आडवे झाले, आणि तसेच गेले. त्या दिवशी मी गावी जाणार होते, म्हणून गुरुजींना फोन करून अब्बा गेले, येणं जमत नाही, एवढं कळवलं. दुपारी जोहरच्या नमाजनंतर जनाजा उठला. बायका घरात राहिल्या. मी एकदाही रडले नव्हते. पाहुण्यांना पाणी देणं, चटया घालणं, कुणाची चप्पल कुठं, हेच करत होते. मला सगळे आवाज लांबून येत होते.

साडेतीनच्या सुमाराला दारात गुरुजींची मोटारसायकल थांबली. मागच्या सीटवरून आजी उतरली. एवढा घाट ती गाडीवर बसून आली होती. पावलं ओली, लुगड्यावर चिखल उडालेला.

"गेले का घिऊन?" तिनं विचारलं.

"गेले, मावशी. तास झाला."

ती आत आली. खोलीत सगळ्या आमच्या बायका. ती कुणाकडेही न बघता अब्बांच्या बाजेपाशी गेली. बाज रिकामी होती, चादर काढलेली, नुसती सुतळी. ती खाली बसली आणि तिनं सुतळीवर हात ठेवला.

मग सुरू झाली. "आरं माझ्या भावा, मी आले रं, तू थांबला न्हाईस रं..."

माझ्या फुप्पी, म्हणजे आत्या, चमकल्या. आमच्यात असं मोठ्यानं रडत नाहीत. त्या म्हणाल्या, "बाजी, हमारे में..." आणि तिथंच थांबल्या. आजीचा आवाज खोलीत भरला होता. ती अब्बांना सांगत होती, की तू खांबावर चढायचास, उन्हात भोंगे बांधायचास, दुसऱ्याचं भजन मोठं करायचास आणि स्वतः गाडीत बसून भाकर खायचास. की तुझी लेक एकलीच राहिली, तिला कुणाच्या ओटीत टाकलीस. हे सगळं तिला मीच कधीतरी गप्पांत सांगितलं होतं. आता ते मला पहिल्यांदा कळत होतं.

आणि मधेच, श्वास न तोडता, ती वळली. "...माझ्या बाये, तुला न्हाऊ घातलं न्हाई गं. तुझं केस इंचरलं न्हाईत गं. परक्या रानात तुला ठिवली गं माझ्या बाये. कोन व्हतं गं उशाला, कोन व्हतं गं पायथ्याला..."

रिकाम्या बाजेची सुतळी तिनं दोन्ही मुठींत धरली होती. फुप्पींनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याही रडायला लागल्या, मोठ्यानं. मग सगळी खोली. मी तिच्या मांडीत डोकं घातलं आणि अब्बांसाठी रडले. ती तिच्या लेकीसाठी रडत होती. ते दोन वेगळे करता आले नसते.

किती वेळ गेला माहीत नाही. शांत झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं, पाणी मागितलं, मग चहा घेतला. फुप्पींनी तिच्यासाठी पिठलं-भाकरी केली आणि समोर बसून वाढली. जेवताना तिनं माझ्या पिशवीकडे बघितलं.

"तुझी डबी चालू व्हती का गं?"

"नाही, मावशी. शपथेनं."

"आसती तरी चाललं आसतं," ती म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

आता ती पुन्हा मयतीला जाते, पण गुडघे दुखतात म्हणून गावातल्याच. नात तिसरीत आहे. डब्यातलं रेकॉर्डिंग तिला पाठ झालंय आणि त्यातला मुकादम ती मुकादमासमोरच काढून दाखवते. जावयानं यंदा तोडीला जायचं नाही असं ठरवलंय, धारूरला गवंड्याच्या हाताखाली काम मिळतंय का बघतोय. जमेल की नाही, माहीत नाही.

परवा गुरुजींच्या फोनवरून आजीनं मला लावला.

"कवा येणार हाईस?"

"रविवारी येते."

"ये मग. येताना गुडघ्याच्या गोळ्या आन. त्या पिवळ्या नको, पांढऱ्या. पिवळ्यानं झोपच येती नुसती. आन् जेवल्याबिगर निघू नको."

मी बरं म्हणाले. तिनं फोन ठेवला नाही, कारण तो कसा ठेवायचा ते तिला माहीत नाही. मीही ठेवला नाही. पलीकडे ती नातीला दूध उतू जातंय म्हणून ओरडत होती, ते मी गुरुजींनी फोन परत घेईपर्यंत ऐकत राहिले.